मराठी समजते, एवढ्यावर?

यवतमाळकडील कोलामांस व बंजाऱ्यांस मराठी समजते. मग आकाशवाणीवर कोलामी-गोरमाटीचे निराळे कार्यक्रम कशास, असे पुसणारी सुशिक्षित मंडळी आम्हांस भेटतात. १९४८ साली नागपूर केंद्र सुरू झाले, तेव्हा आपला प्रांत हिंदी-मराठी असा द्वैभाषिक होता. 'हिंदी तुम्हांस समजतेच' म्हणून कोणी मराठी कार्यक्रम नाकारते, तर ही मंडळी गप्प बसती काय? अमेरिकेतील कित्येक स्पॅनिशभाषी उत्तम इंग्रजी जाणूनही स्वभाषेचा रेडिओ ऐकतात. केळापूर तालुक्यातील पोडावरच्या म्हातारीस बाजारापुरती मराठी येते. नातवाच्या तापाची काळजी मात्र ती कोलामीतच बोलते. सणासुदीस एखादे गाणे लावून तिची बोळवण करणे हा, आमच्या मते, शुद्ध दांभिकपणा होय. पीक, पाऊस, दवाखाना यांची वार्ता तिला रोज, तिच्याच माणसांच्या तोंडून मिळाली पाहिजे.