तुला माझी शपथ

आत्महत्येचा विचार मनात घोळणाऱ्या मित्राला त्याविषयी थेट विचारू नये, विचारल्यास नसलेले खूळ त्याच्या डोक्यात शिरते, असे सोलापुरातील घरांतून आणि महाविद्यालयांच्या कट्ट्यांवर ठामपणे सांगितले जाते. ‘जो बोलतो तो करत नाही’, हेही त्याला जोडून येते. बोलणे इतके पोकळ असेल तर नुसत्या विचारण्याने अनर्थ कसा ओढवेल, हा प्रश्न मात्र कोणाला पडत नाही. वास्तविक, थेट विचारल्याने असे विचार बळावतात याला आजवरच्या संशोधनात आधार मिळालेला नाही, आणि जीव देण्याची भाषा करणाऱ्याचे बोलणे दर वेळी गांभीर्यानेच घ्यावे लागते.

हे काम डॉक्टरांचे, पोरांनी त्यात पडू नये, हा आक्षेप अधिक वजनदार असला तरी अर्धाच खरा आहे. उपचार डॉक्टरांनीच करावेत. परंतु सोलापूरच्या पूर्व भागातील एखाद्या तेलुगूभाषक घरात, यंत्रमाग बंद पडल्यापासून वडील ताटावरून उठून जातात, रात्र रात्र जागे असतात, हे कॉलेजात जाणाऱ्या मुलीलाच आधी दिसते. ‘नाना, जीव द्यावासा वाटतो का?’ हे तिने त्यांना घरच्या तेलुगूत विचारावे, उत्तर मध्येच न तोडता ऐकावे, त्यांना एकटे सोडू नये; आणि निकराची वेळ बहुधा ओसरणारी असल्याने घरातील औषधे, कीटकनाशके त्यांच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवावीत. याला उपचार म्हणत नाहीत, पण उपचारापर्यंत माणूस पोहोचतो तो यामुळेच.

खरा घात होतो तो ‘तुला माझी शपथ, कोणाला सांगू नकोस’ या वाक्याने. ही शपथ पाळणे म्हणजे मैत्री नव्हे. ती मोडून विश्वासातील वडीलधाऱ्याला सांगणे आणि मित्रासोबत सिव्हिलच्या, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयाच्या, मानसोपचार विभागात जाणे हेच कर्तव्य होय. पोलिसांचा ससेमिरा लागेल ही धास्तीही आता जुनी झाली. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या ११५ व्या कलमाने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारे जुने ३०९ कलम उरलेच नाही.

ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीप्रमाणे तेलुगू-कन्नडमध्येही अहोरात्र विनामूल्य बोलता येते, आणि सोबत करणाऱ्या मुलांनीही, स्वतःचा धीर सुटू लागल्यास, तोच क्रमांक निःसंकोच फिरवावा.