शाळेचा शेजार

सकाळीं साडेपांचच्या सुमारास बदलापूर स्थानकावर उभें राहिलें, म्हणजे आमच्या कुळगांवचें जीवन कोणत्या गतीनें चालतें हें ध्यानांत येतें. हातांत डबा, खांद्याला पिशवी आणि दृष्टि गाडीच्या वाटेकडे, अशा स्थितींत शेंकडों स्त्रीपुरुष फलाटावर उभे असतात. मुंबईचें छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस येथून सुमारें 68 किलोमीटर. जाण्यास दीड तास व येण्यास दीड तास. गाडी चुकली तर त्याहून अधिक. नोकरीचे आठ-नऊ तास वेगळेच; त्यांशिवाय दिवसाचे तीन तास आईबापांना रुळांवर काढावे लागतात. ते घराबाहेर पडतात तेव्हां त्यांचें मूल झोपेंत असतें. तें उठतें, शाळेस जातें, परत येतें, गळ्यांतील किल्लीनें कुलूप उघडतें किंवा शेजारणीकडे थांबतें, आणि दिवेलागण होऊन गेल्यावर त्यास आईचें मुख दिसतें.

अशा गांवांत दिवसभर मुलाचा पालक कोण, हा प्रश्न सहज सुटणारा नाहीं. पूर्वींच्या गांवांत त्याचें उत्तर न विचारतां मिळे. अंगणांत आजी बसलेली असे, वाण्याला मुलाचें नांव ठाऊक असे, आणि दुपारीं नदीकडे निघालेल्या पोराला कोणीहि दटावून परत पाठवी. आतां वस्ती झपाट्यानें वाढली. 2001 च्या जनगणनेंत कुळगांव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दींत सुमारें 98 हजार माणसें होतीं. 2011 सालीं ती संख्या सुमारें 1 लक्ष 74 हजारांवर गेली. जीं कुटुंबें आलीं तीं घराच्या ओढीनें आलीं. परंतु घर मिळालें तरी शेजार त्याबरोबर मिळतोच असें नाहीं. समोरच्या दारावरील पाटी वाचूनच कित्येकांस शेजाऱ्याचें नांव कळतें.

म्हणून सारा भार शाळेवर येऊन पडतो. मूल जेवलें कीं नाहीं, त्यास फळा नीट दिसतो कीं नाहीं, तें अलीकडे गप्प कां असतें, हें सर्व शिक्षकानें ओळखावें अशी अपेक्षा असते. पन्नास-साठ मुलांच्या वर्गांत एका माणसाकडून हें कितपत साधावें? माझें मत असें, कीं शाळेनें हें ओझें एकटीनें वाहूं नये. तिनें आपल्या शेजाराला रीतसर भागीदार करून घ्यावें. आणि भागीदार म्हणजे देणगीदार नव्हे, हा भेद आरंभींच ओळखावा.

ही कल्पना आपणांस परकी नाहीं. जुन्या काळीं गरीब विद्यार्थी वार लावून जेवत असे. सोमवारीं एका घरीं, मंगळवारीं दुसऱ्या घरीं, असा त्याचा आठवडा सात चुलींवर चाले. या पद्धतींत मोठे दोष होते. वार बहुधा जातीपुरता असे, आणि आपण आश्रित आहों याची आठवण त्या मुलाला घांसाघांसास होई. तथापि तींत एक गुणहि होता. ठरलेल्या दिवशीं मूल आलें नाहीं, तर "तो आज कां बरें आला नाहीं?" असें विचारणारें निदान एक घर असे.

पुढें या कल्पनेस अधिक उदार रूप आलें. कोल्हापुरास राजर्षि शाहू छत्रपतींनीं 1901 सालापासून वसतिगृहांना आश्रय दिला. दरबारानें साह्य करावें व त्या त्या समाजांतील कर्त्या पुरुषांनीं कारभार पाहावा, अशी ती रीत होती. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं 1919 सालीं कराडजवळील काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि 1924 सालीं साताऱ्यास वसतिगृह काढून निरनिराळ्या जातींच्या मुलांस एका पंगतीला बसविलें. या मुलांच्या पोटासाठीं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं अंगावरचे दागिने मोडले, ही गोष्ट महाराष्ट्रास ठाऊक आहे. परंतु मला त्याहूनहि बोधप्रद वाटते ती मुष्टिफंडाची गोष्ट. घरोघरच्या गृहिणींनीं मूठ मूठ धान्य बाजूस काढावें आणि त्यांतून मुलांची भाकरी व्हावी, अशी ती योजना होती. एका मुठीचें मोल तें किती! पण जिनें ती मूठ दिली, तिला त्या मुलाची चौकशी करण्याचा हक्क प्राप्त झाला. मोठ्या धनिकाच्या एका देणगीनें तेवढेंच धान्य आलें असतें. परंतु इतक्या आया मुलांना मिळाल्या नसत्या.

दूर अमेरिकेंत गेल्या तीस-पस्तीस वर्षांत असाच विचार निराळ्या वाटेनें पुढें आला आहे. तेथें 'चार्टर शाळा' या नांवाच्या शाळा आहेत. पैसा सरकारचा, कारभार स्वतंत्र मंडळाचा, दोहोंमध्यें लेखी करार, आणि ठरलेली मुदत भरली कीं कामाची झडती, असें त्यांचें स्वरूप असतें. त्यांचा पहिला कायदा 1991 सालीं मिनेसोटा राज्यानें केला, व 1992 सालीं सेंट पॉल शहरांत पहिली शाळा उघडली. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांत 2004 सालीं निघालेली प्रॉमिस अकादमी ही अशीच शाळा. तिच्या चालकांनीं वर्गापुरतें न पाहतां भोंवतालची वस्तीच हातीं घेतली. तान्ह्या मुलांच्या आईबापांसाठीं वर्ग, मुलांच्या प्रकृतीची काळजी, शाळा सुटल्यावर बसण्याखेळण्याची सोय, अशी साखळी त्यांनीं जोडली. या कामास द्रव्य फार लागलें, तेव्हां त्याची जशीच्या तशी नक्कल आपणांस झेपणार नाहीं. शिवाय खाजगी संस्थेनें सरकारी साह्यावर शाळा चालवावी हें आपणांस नवीनहि नाहीं. 1854 च्या वुडच्या खलित्यानें अनुदानाची पद्धति येथें घातली, व महाराष्ट्रांतील असंख्य शाळा त्याच पद्धतीवर वाढल्या. त्या परदेशी शाळेपासून घ्यावयाचें तें एवढेंच, कीं मूल शाळेच्या फाटकापाशीं संपत नाहीं.

आमच्याकडील कायद्यासहि हें तत्त्व मान्य आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानें शाळा व्यवस्थापन समिति सांगितली. तिचे निदान तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत व निम्म्या स्त्रिया असाव्यात असा नियम केला. परंतु विनाअनुदानित खाजगी शाळा या कलमाच्या बाहेर राहिल्या, आणि शहरगांवीं तर त्यांचीच संख्या वाढत आहे. 10 मार्च 1922 नव्हे, तर अगदीं अलीकडे, म्हणजे 10 मार्च 2022 रोजीं, महाराष्ट्र शासनानें प्रत्येक शाळेंत 'सखी सावित्री समिति' नेमावी असा निर्णय केला. तींत स्त्री-पालक, वैद्यकीय जाणकार, अंगणवाडी सेविका व स्वतः विद्यार्थी यांनाहि स्थान दिलें. भागीदारीचा याहून चांगला आराखडा कोणता? पण समिति कागदावर असणें आणि ती मुलांच्या ओळखीची असणें, यांत फार अंतर आहे.

तें अंतर किती घातक ठरूं शकतें हें आमच्या गांवास ऑगस्ट 2024 मध्यें कळलें. बदलापुरांतील एका शाळेंत दोन चिमुकल्या बालिकांवर अत्याचार झाल्याचें उघडकीस आलें. 20 ऑगस्ट रोजीं संतप्त लोकांचा समुदाय रुळांवर उतरला व गाड्या कित्येक तास बंद राहिल्या. उच्च न्यायालयानें आपण होऊन या प्रकरणाची दखल घेतली. शासनानें शाळांना सी.सी.टी.व्ही., तक्रारपेटी व सुरक्षासमिति यांविषयीं पुन्हां बजावलें. त्या बालिकांविषयीं अधिक लिहिणें योग्य नव्हे. मला बोलावयाचें आहे तें त्या समुदायाविषयीं. तो कोण होता? तो शाळांचा शेजारच होता. मात्र तो आला तो अनर्थ झाल्यावर. त्यांतील शंभर माणसें जरी वर्षभर आळीपाळीनें गांवांतील शाळांत जात येत असतीं, मुलांना नांवानें ओळखत असतीं, तर मुलांच्या मनांतील भीति किती आधीं कोणाच्या तरी कानीं पडली असती!

आमचें गांव निष्ठुर नाहीं. 27 जुलै 2019 रोजीं उल्हास नदीच्या पुरामुळें महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान अडकली, तेव्हां सरकारी दलांबरोबर आसपासचे ग्रामस्थहि धांवून गेले व सुमारें हजार प्रवासी सुखरूप बाहेर निघाले. संकटांत धांवून जाणें आम्हांस साधतें. रोज थोडें थोडें लक्ष ठेवणें मात्र साधत नाहीं. शाळेनें शेजाराला लावावयाची संवय ती हीच.

ती कशी लावावी? पहिली गोष्ट म्हणजे पालकसभा रविवारीं भरवावी. गुरुवारीं दुपारीं तीन वाजतां सभा बोलावून "पालक येत नाहींत" असें म्हणणें, म्हणजे गाडींत उभ्या असलेल्या माणसाला दोष देणें होय. दुसरी, गांवांतील डॉक्टरांनीं वर्षांतून एकदां मुलांचे डोळे, दांत, वजन व उंची तपासावी. 2013 पासून सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांसाठीं शासनाचीं तपासणी पथकें आहेत. इतर शाळांनीं स्थानिक वैद्यांची मदत मागावी. तिसरी, रिक्षावाले व शाळेच्या गाडीचे चालक यांसहि सभेस बोलवावें. दिवसांतील दोन वेळां मूल त्यांच्याच हवालीं असतें. चौथी, किल्ली गळ्यांत बांधलेल्या मुलांसाठीं दुपारची जागा हवी. मराठी ग्रंथसंग्रहासाठीं महाराष्ट्रभर ज्याचें नांव झालें तें ग्रंथसखा वाचनालय बदलापुरांतच उभें राहिलें. मग प्रत्येक शाळेच्या वाचनालयांत निवृत्त शिक्षकांच्या देखरेखीखालीं मुलांनीं सायंकाळपर्यंत बसावें, हें अशक्य कां वाटावें? पांचवी, 1098 हा बालसाहाय्याचा क्रमांक प्रत्येक वर्गांत लावावा व त्याचा अर्थ समजावून सांगावा. 1996 सालीं मुंबईंतच या सेवेचा उगम झाला, हेंहि मुलांस कळूं द्यावें.

यावर आक्षेप येतील. शेजाराच्या नांवाखालीं गांवपुढारी शाळेंत शिरतील, असें मुख्याध्यापक म्हणतील. ही भीति खोटी नाहीं. म्हणून शिक्षण व नेमणुका यांत शेजाऱ्यांस बोलण्याचा अधिकार नसावा. त्यांचें क्षेत्र मुलांचें आरोग्य, सुरक्षितता व समाधान एवढेंच असावें. दुसरा आक्षेप असा, कीं बाहेरचा माणूस आंत घेणें हेंच धोक्याचें. तोहि खरा आहे. यास्तव येणाऱ्याची पूर्ण चौकशी व्हावी, त्याची नोंद राहावी, आणि कोणीहि, तो कितीहि प्रतिष्ठित असो, एकट्या मुलाबरोबर एकटा राहूं नये. तिसरा आक्षेप सहसा कोणी उघड बोलत नाहीं: शाळेचें नांव खराब होईल! त्यास उत्तर एकच. 2012 च्या पोक्सो कायद्याप्रमाणें मुलावरील अशा अपराधाची नुसती शंका आली तरी ती कळविणें प्रत्येकाचें कर्तव्य आहे. जें नांव मुलाच्या मौनावर टिकतें, तें टिकविण्याजोगें नव्हे.

स्नेहसंमेलनाच्या दिवशीं शाळेचें दार सजवून आपण शेजाऱ्यांना बोलावितों, पुढच्या खुर्च्या देणगीदारांस देतों, व दुसऱ्या दिवशीं दार लावून घेतों. हा क्रम बदलावा, एवढीच माझी विनंति आहे. पालकांनीं महिन्यांतील एक रविवार शाळेस द्यावा. ज्यांचीं मुलें मोठीं होऊन गेलीं, त्यांनीं एक सायंकाळ द्यावी. तीच आजची मूठ. आणि विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या शेजारच्या बांकावरील मुलगा दोन दिवस आला नाहीं, तर "तो आज कां बरें आला नाहीं?" हा प्रश्न तुम्हीहि विचारा.