मास कॉमला प्रवेश घेताना पेपरही आपणच निवडू या

पत्रकारिता आणि जनसंज्ञापनात एम.ए. करायला निघालेली आपली मुले-मुली प्रवेशाच्या दिवसांत फोन करतात. प्रश्न ठरलेले असतात. पुणे की मुंबई, फी किती, वसतिगृह मिळेल का, शिष्यवृत्ती खात्यावर कधी पडते. हे प्रश्न पोटाचे आहेत, त्यांना हसण्याचे कारण नाही. पण दोन वर्षांत नेमके काय शिकायचे, हे क्वचितच कुणी विचारतो. अभ्यासक्रम म्हणजे विद्यापीठाने दिलेला आणि आपण मुकाट्याने घ्यायचा कागद, असे आपण धरून चाललो आहोत. फुले-आंबेडकरी माणसाने शिक्षणाबाबत असे मुके राहणे मला पटत नाही.

राज्यात २०२३-२४ पासून पदव्युत्तर शिक्षणाची रचना बदलली. दोन वर्षांना ८० ते ८८ श्रेयांक. त्यात मुख्य विषय, ऐच्छिक पेपर, संशोधन पद्धती, संशोधन प्रकल्प आणि ऑन जॉब ट्रेनिंग. चार श्रेयांकांचा तात्त्विक पेपर म्हणजे वर्गातले ६० तास. या तासांत कोणाचा इतिहास येतो आणि कोणाचा सुटतो, हा सरळ सरळ सत्तेचा प्रश्न आहे.

मराठी पत्रकारितेचा इतिहास १८३२ च्या ‘दर्पण’पासून सुरू होतो आणि तडक ‘केसरी’वर जातो. ‘केसरी’ १८८१ चा. त्याच्या चार वर्षे आधी, १८७७ मध्ये, कृष्णराव भालेकरांनी ‘दीनबंधु’ काढला होता. शिवराम जानबा कांबळे १९०८ मध्ये ‘सोमवंशीय मित्र’ काढत होते. हे बहुतेक ठिकाणी एका वाक्यात उरकते. मग शेवटच्या घटकात ‘डॉ. आंबेडकरांची पत्रकारिता’ येते आणि पाच वृत्तपत्रांची नावे व तारखा पाठ करून मुले परीक्षा देतात.

यावर आपल्यातले अनेकजण म्हणतात की आंबेडकरी पत्रकारितेचा स्वतंत्र पेपर हवा. माझा या मागणीला विरोध नाही, पण तेवढ्यावर समाधान मानायला आहे. कारण असा पेपर ऐच्छिक होणार, तो आपलीच मुले घेणार आणि बाकीचा वर्ग त्या तासाला कॅन्टीनमध्ये बसणार. गावकुसाबाहेरची वस्ती आपण आपल्याच हाताने अभ्यासक्रमात वसवायची का?

त्यापेक्षा ‘मूकनायक’ माध्यमांच्या अर्थकारणाच्या पेपरात शिकवा. ३१ जानेवारी १९२० ला पहिला अंक निघाला. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. ‘केसरी’ने पैसे देऊनही त्याची जाहिरात छापली नाही. बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात सरकारी नोकरीत होते, म्हणून संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकरांचे. १९२३ मध्ये पत्र बंद पडले. भांडवल, जाहिरात, मालकी, वितरण, सगळे प्रश्न या एका उदाहरणात आहेत. तसेच महाड. सत्याग्रह १९ आणि २० मार्च १९२७ चा, आणि ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक ३ एप्रिलचा. अवघ्या पंधरा दिवसांत चळवळीला स्वतःचे पत्र का लागले, हा जनमताच्या पेपरातला प्रश्न आहे. दोन्ही पत्रांचे अंक महाराष्ट्र शासनाने ग्रंथरूपात काढले आहेत, त्यामुळे साहित्य मिळत नाही ही सबब कोणत्याही प्राध्यापकाने देऊ नये.

माझ्या मते सर्वात दुर्लक्षित पेपर माध्यम कायद्यांचा. मुले बदनामी, न्यायालयाचा अवमान, कॉपीराइट आणि २००५ चा माहिती अधिकार वाचतात. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा मात्र ‘समाजकल्याणवाल्यांचा विषय’ म्हणून बाजूला राहतो. जिल्ह्याच्या वार्ताहराला वर्षभरात यातल्या कशाशी जास्त गाठ पडते? तपास अधिकारी किमान उपअधीक्षक दर्जाचा असावा लागतो, हे नियम ७ सांगतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी व्हावी लागते, हे नियम १७ सांगतो. २०१५ च्या दुरुस्तीने पीडित आणि साक्षीदारांचे हक्क कलम १५ अ मध्ये आले. हे ज्याला ठाऊक आहे तो बातमीदार पोलीस ठाण्यात गेल्यावर ‘दोन गटांत वाद’ एवढे ऐकून परत येत नाही. तो विचारतो, तपास कोणाकडे आहे, कलमे कोणती लावली, समितीची शेवटची बैठक कधी झाली. खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ ला भोतमांगे कुटुंबातले चौघे मारले गेले आणि मोठ्या वृत्तपत्रांना ते जातीय हत्याकांड म्हणून दिसायला कित्येक आठवडे लागले. सुरुवातीच्या बातम्यांत अनैतिक संबंधांची कुजबुज होती. बातमी लिहिणारा प्रत्येकजण दुष्ट होता असे मी म्हणत नाही. पोलिसांनी सांगितले ते लिहायचे, हेच त्याला शिकवलेले होते.

‘न्यूजरूममध्ये आपण नाहीच, मग शिकून काय?’ असेही ऐकू येते. २००६ मध्ये दिल्लीतल्या ३७ माध्यमसंस्थांमधील ३१५ निर्णयकर्त्यांची पाहणी झाली, त्यात अनुसूचित जाती-जमातीचा एकही नव्हता. २०१९ च्या ऑक्सफॅम-न्यूजलाँड्री अहवालात १२१ नेतृत्वपदांपैकी १०६ सवर्णांकडे होती आणि अनुसूचित जाती-जमातीकडे पुन्हा शून्य. तेरा वर्षांत शून्य हलला नाही. म्हणून तर केवळ अँकर व्हायचे स्वप्न घेऊन जाऊ नका. संपादन, डेटा, कायदा, संशोधन यांत पक्के व्हा, कारण निर्णय त्या टेबलांवर होतात. आणि स्वतःचे माध्यम काढायचे असले तरी हेच लागते. आपल्या काही यूट्यूब चॅनलांवर मथळ्यात आग असते आणि आत एकही कागद नसतो, हे आपण एकमेकांना कधीतरी सांगितलेच पाहिजे.

आता ऑन जॉब ट्रेनिंग. कागदावर छान दिसते. प्रत्यक्षात बिनपगारी काम, तेही मुंबई-पुण्यात. ज्याचा मामा अंधेरीला राहतो त्याला ते परवडते. शिष्यवृत्ती रखडलेली आणि वसतिगृहाची खोली दुसऱ्या शहरात असलेल्या मुलीने काय करायचे? नव्या रचनेत पहिल्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते. पैशाअभावी शिक्षण सोडणाऱ्याला उद्या ‘एक्झिट घेतली’ म्हणतील आणि गळतीच्या आकड्यात तो दिसणारही नाही. म्हणून ट्रेनिंगला विद्यावेतन हवे आणि जिल्ह्याच्या ठिकाणची वृत्तपत्रे, सामुदायिक रेडिओ केंद्रे यांनाही मान्यता हवी, ही मागणी विद्यार्थी संघटनांनी कुलगुरूंकडे लेखी द्यावी. अभ्यास मंडळांनाही सूचना पाठवता येतात. आपण मोर्चे काढतो, पण दोन पानी सूचना वेळेत पाठवायचा कंटाळा करतो.

संशोधन प्रकल्पासाठी विषय शोधत फिरू नका. तुमच्या तालुक्यातल्या अत्याचाराच्या एका प्रकरणाच्या वर्षभराच्या बातम्या घ्या, एफआयआर आणि आरोपपत्राशी ताडून पाहा. मार्गदर्शक ‘विषय भावनिक आहे’ म्हणतील. त्यांना संशोधन पद्धतीच्या भाषेतच उत्तर द्या: नमुना कोणता, कालावधी किती, संकेतन कसे केले.

आणि अर्ज भरण्याआधी विभागाचा अभ्यासक्रम उतरवून घ्या. त्यातले ऐच्छिक पेपर खरेच चालवले जातात की शिक्षक नाहीत म्हणून एकच माथी मारला जातो, हे दुसऱ्या वर्षाच्या मुलांना प्रत्यक्ष भेटून विचारा.