सेवा हा मनुष्यबळाला पर्याय नव्हे

९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात एका तरुण डॉक्टर स्त्रीवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली. रात्रीच्या कामातून मिळालेल्या थोड्या उसंतीत ती रुग्णालयातच विसावा घेत होती. सारा देश त्या वार्तेने हादरला. ठिकठिकाणचे निवासी डॉक्टर रस्त्यावर उतरले, सर्वोच्च न्यायालयाने आपण होऊन प्रकरण हाती घेतले व राष्ट्रीय कृतिदल नेमले. पहारे, कॅमेरे, विश्रांतीच्या खोल्या यांची चर्चा झाली, आणि ती होणे अवश्यच होते. परंतु रुग्णालयात राबणाऱ्या माणसाला दररोज जे सोसावे लागते, ते सारेच काही बाहेरच्या हल्लेखोराकडून येत नाही. त्यातील मोठा भाग त्याच वॉर्डातील, त्याच पाळीतील सहकाऱ्यांकडून येतो. त्यासाठी मोर्चा निघत नाही आणि समितीही बसत नाही. त्या नित्याच्या जाचाविषयी आज आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत.

कोणत्याही मोठ्या सरकारी वा महापालिका रुग्णालयाच्या वॉर्डात पाळी बदलण्याच्या वेळी उभे राहावे. रात्रपाळीच्या सिस्टरचे पाय घराकडे वळलेले असतात. पण तिच्या जागी यावयाच्या दोघींपैकी एकच आलेली असते, आणि ती म्हणते, ‘तुमच्या पाळीतले काम तुम्ही उरकून जा.’ रात्रभर न झोपलेला निवासी डॉक्टर प्रयोगशाळेला फोन करतो, तर तेथून उत्तर येते की अर्ज अपुरा भरला आहे, रक्त पुन्हा पाठवा. रक्त नेणारा मामा दुसऱ्या रोग्याला एक्स-रेसाठी घेऊन गेलेला असतो. मावशींना सांगावे तर ते त्यांचे काम नव्हे. इतक्यात वरिष्ठांचा राउंड येतो आणि रिपोर्ट नाही म्हणून कनिष्ठ डॉक्टराची भर वॉर्डात, रोग्यांच्या देखत, खरडपट्टी निघते. तो ती सिस्टरवर काढतो, सिस्टर मावशींवर काढते, आणि मावशी खाटेभोवती घुटमळणाऱ्या नातेवाइकांवर. या साखळीत दुष्ट असा कोणीच नसतो. ज्याला त्याला विचारावे तर प्रत्येकाची कैफियत खरी निघते. तरीही सर्वांचे मिळून एक रुक्ष, कडवट आणि धोक्याचे वातावरण तयार होते, आणि त्याच्या मध्यभागी रोगी पडलेला असतो.

अशा प्रसंगी आपण पटकन माणसांच्या स्वभावाला दोष देऊन मोकळे होतो. ‘हल्ली सेवाभाव उरला नाही’ हे वाक्य तर प्रत्येकाच्या जिभेवर तयारच असते. आमच्या मते हे निदान चुकीचे आहे. १९४६ साली भोर समितीने आपला अहवाल दिला, तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ७,००० परिचारिका होत्या, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक. त्यानंतर परिस्थिती पुष्कळ पालटली हे खरे. पण कागदावरील प्रमाण आणि वॉर्डातील प्रमाण यांतील अंतर मिटले नाही. अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन खाटांमागे एक परिचारिका असावी, असा भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक आहे. तीन पाळ्यांत तो विभागला म्हणजे एका पाळीत एकीच्या वाट्याला नऊ रोगी येतात. जागा रिकाम्या राहिल्या, दोघी रजेवर गेल्या, आणि खाटांच्या मधल्या जमिनीवर गाद्या अंथरून आणखी रोगी घेतले, की या नवांचे किती होतात याचा हिशेब वाचकांनीच करावा. चार माणसांचे काम दोघांवर पडले की ती दोघे एकमेकांचे मित्र राहणे कठीण असते. काम टाळणारा तेथे केवळ आळशी ठरत नाही, तो दुसऱ्याची झोप चोरणारा ठरतो.

निवासी डॉक्टरांची कथा याहून उद्वेगजनक आहे. केंद्र सरकारने जून १९९२ मध्येच आदेश काढला की निवासी डॉक्टराने सामान्यतः आठवड्यास ४८ तास आणि एका वेळी १२ तासांहून अधिक काम करू नये. बत्तीस वर्षांनी, २०२४ मध्ये, राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिदलाने विद्यार्थी डॉक्टरांच्या मानसिक स्वास्थ्याचा विचार करून शिफारस केली ती आठवड्यास ७४ तासांहून अधिक काम नको, अशी! म्हणजे आदेशातील मर्यादेच्या दीडपटीहून अधिक काम ही आज सुधारणा समजावी लागते. याच कृतिदलाच्या पाहणीत निम्म्याहून अधिक पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी साप्ताहिक सुटी नियमित मिळत नसल्याचे सांगितले. ज्याला झोप नाही, सुटी नाही, त्याच्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा बाळगणे हे त्याच्या शरीरधर्माविषयीचे अज्ञान होय.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो वयाने व अधिकाराने मोठ्या डॉक्टरांकडून येतो. ‘आम्हीही हे सोसले, म्हणून तर घडलो,’ असे ते म्हणतात. ते घडले यात शंका नाही. पण ते सोसल्यामुळे घडले की सोसूनही घडले, हा प्रश्न उरतोच. सासुरवास भोगलेली सून पुढे सासू झाली की तोच वारसा सुनेच्या पदरी टाकते, हे आपण घरोघरी पाहिले आहे. रुग्णालयातील ज्येष्ठ-कनिष्ठ परंपरा पुष्कळदा याच जातीची असते. शिस्त आणि अवमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिस्तीने कनिष्ठ मनुष्य चूक सांगावयास धजतो. अवमानाने तो ती लपवावयास शिकतो. आणि रुग्णालयात लपविलेली चूक कोठे जाऊन प्रकट होते, हे सांगावयास नको.

येथे प्रश्न कर्मचाऱ्यांच्या सुखदुःखापुरता राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी एक साधी तपासणी-सूची तयार केली. छेद घेण्यापूर्वी खोलीतील प्रत्येकाने आपले नाव व काम सांगावे, हे त्यातील एक कलम. जगातील आठ रुग्णालयांत, ज्यांत दिल्लीतील एक होते, ती वापरून पाहिली तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. या सूचीसाठी नवे यंत्र लागले नाही की नवे औषध. अमेरिका व कॅनडातील नऊ बालरोग विभागांत पाळी बदलताना रोग्याची माहिती ठरावीक क्रमाने देण्याची पद्धत घालून दिली, तेव्हा टाळता येण्याजोगे अपाय ३० टक्क्यांनी घटले, असे २०१४ मध्ये दिसून आले. एकमेकांशी नीट बोलणे हा रुग्णालयात शिष्टाचाराचा भाग नाही, तो उपचाराचा भाग आहे, हाच याचा अर्थ.

आपल्या माणसांत माया नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्याच रुग्णालयातील एका सफाई कामगाराने अमानुष अत्याचार केला. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, तेथील परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळले. इतक्या वर्षांत त्यांना एकही शय्याव्रण झाला नाही, याचा गौरवाने उल्लेख सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०११ च्या निकालपत्रात केला. ज्यांनी अरुणाताईंना पाहिलेही नव्हते, त्या मुलींनी आपल्या पाळीत ते व्रत पाळले आणि पुढच्या पाळीच्या हाती सोपविले. सहकार्य याहून वेगळे काय असते? हा झरा आटलेला नाही. पण त्याच झऱ्यावर सारा गाव तहान भागवू लागला आणि कोणी विहीर खणेना, तर तोही आटेल.

सरकार आणि पालिका यांनी विहीर खणावी, ही आमची पहिली मागणी आहे. रिकाम्या जागा भराव्यात, आणि त्या अकरा महिन्यांच्या कंत्राटाने नव्हे; आपली नोकरीच ज्याला परकी वाटते, त्याला सहकारी आपले वाटत नाहीत. पाळ्यांचे वेळापत्रक महिनाभर आधी लावावे. पाळी बदलताना दोन्ही पाळ्यांची माणसे निदान पंधरा मिनिटे एकत्र असतील, अशी वेळांची आखणी करावी. तक्रारीची वाटही हवी. महाराष्ट्रात रॅगिंगविरुद्ध १९९९ चा कायदा आहे, बाहेरच्यांच्या हिंसेविरुद्ध २०१० चा आहे, स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्ध देशभर लागू असलेला २०१३ चा कायदा आहे. परंतु रोजच्या पाणउताऱ्याबद्दल सिस्टरने वा वॉर्डातील मामाने जावे कोठे? बहुधा ज्याच्याविरुद्ध सांगावयाचे त्याच्याच कार्यालयात! विभागाबाहेरचा एक निःपक्षपाती अधिकारी प्रत्येक मोठ्या रुग्णालयाने यासाठी नेमावा. वर्षातून एकदा योगवर्ग किंवा तणावमुक्तीचे व्याख्यान ठेवून हे ऋण फिटणार नाही. कामाने येणारी ही होरपळ कामाच्या ठिकाणच्या ताणातून उद्भवते, असे जागतिक आरोग्य संघटनेनेच २०१९ मध्ये नमूद केले आहे.

परंतु जागा भरेपर्यंत वॉर्ड थांबत नाही, आणि तेथे उभ्या असलेल्यांच्या हातीही काही आहे. रोग्याचा ‘ओव्हर’ खाटेशेजारी उभे राहून, लेखी टिपणासह द्यावा. तोंडी सांगितलेली औषधाची मात्रा उलट म्हणून दाखवावी. त्यात कोणाचा कमीपणा नाही. सहकाऱ्याची कसूर त्याच दिवशी, एकांतात, कामापुरती सांगावी. ‘तुम्ही नेहमीच असे’ म्हणण्यापेक्षा ‘सात नंबरचे इंजेक्शन राहिले’ म्हणावे. वारंवार तेच घडले तर तारीखवार नोंद ठेवून लेखी कळवावे. कुजबुजीने कोणाचे भले होत नाही. पाळी संपली की घरी जाणे हा द्रोह नव्हे. मन फारच खचले तर केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. दुसऱ्यांना औषध देणाऱ्यांनी स्वतःसाठी ते मागण्यात संकोच मानू नये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, वरून आलेला अवमान खाली पोचविण्याचे काम आपल्यापुरते थांबवावे. अशी दोन माणसे एका वॉर्डात निघाली तरी त्या वॉर्डाची हवा पालटते.

आणि आपण, म्हणजे हा अग्रलेख घरी बसून वाचणारे? रुग्णालयात पाऊल ठेवताच आपण मोठ्या डॉक्टरांना ‘साहेब’ म्हणतो आणि मावशींना एकेरीत हाक मारतो. ओळखीचा फोन लावून रांग मोडतो आणि त्या मोडलेल्या रांगेचा राग दारावरच्या माणसाला सोसावा लागतो. मते मागावयास येणाऱ्यांना आपण रस्त्यांविषयी, पाण्याविषयी विचारतो. आपल्या प्रभागातील रुग्णालयात परिचारिकांच्या किती जागा रिकाम्या आहेत, हे विचारीत नाही. ते विचारावयास लागू या. सेवेचा गौरव करणारे पुष्पगुच्छ १२ मे रोजी, परिचारिका दिनी, पुष्कळ वाटले जातात. या लोकांना फुलांहून अधिक गरज आहे ती शेजारी उभ्या राहणाऱ्या आणखी एका माणसाची.