पुण्याचा जीबीएस, जपानमधले ससे आणि ‘प्राण्यांवरचे प्रयोग बंद’वाली हेडलाईन

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या पट्ट्यात लोकांचे हातपाय अचानक लुळे पडायला लागले. आजाराचं नाव गुईलेन-बॅरे सिंड्रोम, थोडक्यात जीबीएस. संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला. आमच्या गोडदेवच्या सोसायटी ग्रुपवरही तेव्हा फॉरवर्ड फिरत होते: चिकन बंद करा, पनीर बंद करा, पाणीपुरी तर नकोच. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा बॅक्टेरिया सापडला होता. दूषित पाणी, अर्धकच्चं चिकन, न उकळलेलं दूध यांतून तो पोटात जातो.

पण पोटातला बॅक्टेरिया पाय कसा लुळा पाडेल?

नमुन्यात बॅक्टेरिया मिळणं म्हणजे लॉगमध्ये एरर दिसणं. एरर दिसली म्हणून ॲप त्याच कारणाने क्रॅश झालं असं होत नाही. खात्री करायची तर बग मुद्दाम पुन्हा घडवून बघावा लागतो. माणसांवर हे करता येत नाही, म्हणून प्राणी. आणि खरी गंमत इथेच सुरू होते, कारण बहुतेक प्राणी ‘सपोर्टेड डिव्हाइस’च नसतात. कोंबडीच्या आतड्यात हा बॅक्टेरिया प्रचंड संख्येने राहतो आणि कोंबडी बहुतेक वेळा ठणठणीत असते. साध्या उंदराच्या पोटातही तो वस्ती करतो, पण उंदीर सहसा आजारी पडत नाही. दाह आवरणारा आयएल-१० नावाचा जीन काढून टाकला, तेव्हा कुठे त्याच्या आतड्याला सूज आली.

योग्य प्राणी शोधायची ही डोकेदुखी जुनी आहे आणि तिचा एक महत्त्वाचा अध्याय आपल्या मुंबईत लिहिला गेलाय. कॉलरा मोठ्या सशाला सहजासहजी होत नाही. १९५५ मध्ये परळच्या हाफकिन संस्थेतल्या एन. के. दत्ता आणि एम. के. हब्बू यांनी साधारण दहा दिवसांची सशाची पिल्लं घेतली, जंतू थेट आतड्यात सोडले आणि माणसासारखे जुलाब घडवून दाखवले. १९५९ मध्ये दत्ता, पानसे आणि कुलकर्णी यांनी जिवंत जंतू नसलेला अर्क देऊनही तेच घडवलं. म्हणजे खेळ जंतूच्या विषाचा होता. त्याच वर्षी कोलकात्यात शंभुनाथ डे यांनीही सशांवरच, वेगळ्या पद्धतीने, हेच सिद्ध केलं. डे यांचं नाव निदान अधूनमधून ऐकू येतं. परळच्या पिल्लांबद्दल मात्र मुंबईकरांनाही माहीत नसतं. २०१० मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञांनी हे पिल्लांचं मॉडेल पुन्हा वापरात आणलं.

आता जीबीएसकडे परत. या बॅक्टेरियाच्या काही जातींच्या बाहेरच्या आवरणावर साखर-चरबीचा एक रेणू असतो. त्याचा साखरेचा भाग आपल्या नसांवरच्या जीएम-१ या रेणूसारखा दिसतो. शरीर बॅक्टेरियाविरुद्ध अँटिबॉडी बनवतं, आणि त्या अँटिबॉडी नसांनाच शत्रू समजतात. फेस अनलॉकने जुळ्या भावाला ओळखून फोन उघडावा, तसलं काहीतरी. नोबुहिरो युकी आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये जीबीएसच्या रुग्णाकडून मिळालेल्या बॅक्टेरियाचा हा रेणू सशांना टोचला. सशांच्या रक्तात जीएम-१ विरोधी अँटिबॉडी तयार झाल्या आणि पाय लुळे पडले. बग रिप्रोड्यूस झाला.

जुलाब थांबल्यावर एक ते तीन आठवड्यांनी लकवा का येतो, तेही यातून कळतं. तोवर जंतू बहुधा गेलेले असतात, नुकसान अँटिबॉडी करतात. म्हणून लकव्यावर अँटिबायोटिक चालत नाही. इम्युनोग्लोब्युलिन देतात किंवा प्लाझ्मा बदलतात.

पण त्या सशांना रेणू टोचला होता, खायला दिला नव्हता. पोटापासून नसेपर्यंतचा अख्खा प्रवास त्या प्रयोगाने दाखवला नाही, शेवटचा टप्पा दाखवला. आणि साधारण हजारातल्या एकालाच संसर्गानंतर जीबीएस का होतो, याचं पूर्ण उत्तर त्यात नाही.

या पार्श्वभूमीवर ‘आता प्राण्यांवर प्रयोग बंद’ छापाच्या रील्स बघा. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेने नव्या औषधांसाठी प्राणी-चाचणीची कायदेशीर सक्ती काढली. मार्च २०२३ मध्ये भारतानेही नवीन औषधांच्या नियमांत बदल करून ऑर्गन-चिप, पेशींपासून वाढवलेले छोटे अवयव, कॉम्प्युटर मॉडेल यांना जागा दिली. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने अँटिबॉडी औषधांसाठी प्राणी-चाचण्या टप्प्याटप्प्याने कमी करण्याची योजना मांडली. मला हे सगळं आवडतं. ज्या कामाला चिप पुरते तिथे ससा मारायची गरज नाही.

फक्त हे नियम औषध सुरक्षित आहे का, या प्रश्नाबद्दलचे आहेत. आजार होतो कसा, हा प्रश्न वेगळा. चिपवरच्या आतड्यात बॅक्टेरिया भिंतीला कसा चिकटतो ते माणसाच्याच पेशींवर बघता येतं, आणि त्या कामात ती उंदरापेक्षा बरी ठरू शकते. पण जीबीएससाठी आतडं, रोगप्रतिकारशक्ती आणि नस हे तिन्ही जोडून काही आठवडे चालू ठेवावं लागेल. एकेक मॉड्युल चालतं, इंटिग्रेशन अजून व्हायचंय.