शांघायचे रस्ते आणि झाडूवालीचा मुलगा

परदेशीं जाऊन आलेला मनुष्य बहुधा दोन प्रकारें बोलतो. एक म्हणतो, तो देश म्हणजे स्वर्ग. दुसरा म्हणतो, नरक. चीनविषयीं तर याखेरीज तिसरें बोलणें आपल्याकडे फारसें ऐकूंच येत नाहीं. म्हणून आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें शांघायहून पत्रांतून कळविलेली हकीकत वाचकांपुढें ठेवावी असें आम्हांस वाटलें. हा मुलगा कोरडवाहू शेतकऱ्याचा. आमच्या शाळेंत सातवीपर्यंत शिकला, पुढें यंत्राचें काम शिकला, आणि नोकरीच्या कामासाठीं तीन महिने त्या शहरीं राहून आला. तो उंच हॉटेलांत उतरला नव्हता. कामगारांच्या वस्तीजवळ राहिला आणि त्यांच्याच खानावळींत जेवला. त्यामुळें मोठ्या पाहुण्यांस सहसा जें दिसत नाहीं तें त्याला दिसलें.

आधीं चांगलें तें मोकळ्या मनानें सांगूं. २०२० च्या शिरगणतींत शांघायची वस्ती २ कोटी ४८ लाखांवर भरली. एवढ्या माणसांचें शहर, पण सकाळीं रस्ता झाडून लख्ख असतो. जमिनीखालून धांवणारी रेल्वे १९९३ सालीं सुरू झाली. आज तिचें जाळें ८०० किलोमीटरांहून मोठें आहे. पहांटे गल्लीच्या तोंडाशीं तळलेल्या कणकेच्या लांब कांड्या व सोयाबीनचें गरम दूध घेण्यास रांग लागते. भाजीवालीसुद्धां रोख पैसा हातीं घेत नाहीं. गिऱ्हाईक मोबाईल पुढें धरतें आणि व्यवहार पुरा होतो. बागेंत म्हातारीं माणसें संथपणें हातपाय हलवून व्यायाम करतात. एक आजोबा लांब दांड्याचा कुंचला पाण्यांत बुडवून फरशीवर सुरेख अक्षरें काढीत. ऊन लागलें कीं अक्षरें वाळत, आणि आजोबा पुन्हां लिहीत. संध्याकाळीं चौकांत पोक्त बायका गाणें लावून ओळीनें नाचतात. त्यांना कोणी हटकीत नाहीं. रात्रीं उशिरां एकटी बाई निर्धास्त घरीं जातांना त्यानें कितीदां तरी पाहिली.

आमच्या धंद्याच्या दृष्टीनें याहून मोठी गोष्ट निराळीच आहे. १९४९ सालीं त्या देशांत शेंकडा सुमारें ८० माणसें निरक्षर होतीं. २०२० च्या शिरगणतींत तें प्रमाण शेंकडा तीनाच्याही खालीं आलें. १९५६ पासून किचकट अक्षरें सोपीं करण्यांत आलीं आणि १९८६ च्या कायद्यानें नऊ वर्षांचें शिक्षण सक्तीचें झालें. ज्यानें खेड्यांतल्या पोरांच्या हातांत पाटी दिली आहे, त्याला या आंकड्यामागचे श्रम समजतात. त्या कामास आमचा नमस्कार.

पण आतां दुसरी बाजू ऐका. आमचा विद्यार्थी ज्या खानावळींत जेवी, तेथें झाडलोट करणारी एक बाई होती. ती आन्हुइ प्रांतांतल्या खेड्याची. मोबाईलवर एकाचें बोलणें दुसऱ्याच्या भाषेंत करून मिळतें, त्या सोयीनें दोघांचें बोलणें होई. मुलेंबाळें किती, असें यानें विचारलें. बाई म्हणाली, एकच मुलगा. तो लहानपणापासून शांघायमध्यें वाढला, तेथेंच नववी झाला. पण पंधराव्या वर्षीं त्याला गांवीं आजीकडे धाडावें लागलें. आतां भेट होते ती नव्या वर्षाच्या सणाला. मुलानें गुन्हा काय केला? कांहीं नाहीं. त्याचें नांव शांघायच्या रजिस्टरांत नव्हतें, एवढेंच.

वाचकहो, हें रजिस्टर म्हणजे काय तें समजून घेतलें पाहिजे. त्याला तिकडे हुकोउ म्हणतात. १९५८ च्या कायद्यानें प्रत्येक माणसाचें नांव एका ठिकाणीं नोंदलें गेलें, आणि शेतकरी कोण व शहरवासी कोण याचा शिक्काही बसला. ही नोंद जन्मानें मिळते. पूर्वीं ती आईकडून येई. १९९८ पासून बापाचीही चालूं लागली. माणूस पोट भरण्यास कोठेंही गेला, तरी नोंद मागें गांवींच राहते. शाळा, दवाखाना, म्हातारपणची तरतूद हीं सारीं त्या नोंदीस बांधलेलीं. शांघायच्या वर सांगितलेल्या वस्तींत १ कोटी ४ लाखांहून अधिक लोक असे बाहेरच्या नोंदीचे आहेत. म्हणजे दर पांच माणसांत दोन!

त्यांच्या मुलास नववीपुढें शांघायमध्यें रहावयाचें तर बहुधा धंदेशिक्षणाची शाळा. विद्यापीठाच्या मोठ्या परीक्षेस तेथेंच बसावयाचें असेल तर आईबापांनीं १२० गुण मिळविले पाहिजेत. पदवी असेल तर गुण भरघोस. झाडू मारणाऱ्या बाईनें पदवी कोठून आणावी? आईपाशीं विद्या नाहीं म्हणून मुलाला विद्येची वाट बंद, हा न्याय आमच्या वाचकांस अनोळखी वाटणार नाहीं.

ही नोंद लग्नाच्या बाजारींही उभी राहते. शांघायच्या लोकोद्यानांत शनिवार-रविवारीं आईबाप उघड्या छत्र्यांवर चिठ्ठ्या लावून बसतात. मुलाचें वय, उंची, शिक्षण, पगार, घर, आणि त्यांतच नोंद कोठली तें! जातीचें नांव त्या चिठ्ठीवर नसतें, पण जन्माची पायरी तेथेंही विचारली जातेच. आपण समजत आलों कीं जन्माची उंचनीच ही पोथ्यांचीच करामत. नाहीं. पोथी नसली तरी सरकारी वहीही तें काम करूं शकते.

कोणी म्हणेल, हें बंधन उठविलें तर खेडीं ओस पडतील आणि शहरांतल्या शाळा फुटून जातील. आमचें उत्तर सोपें आहे. हीं माणसें शहरांत आलेलींच आहेत. इमारती त्यांनीं बांधल्या, रस्ते त्या झाडतात, घरोघर जेवण पोंचविणारे पिवळ्या कपड्यांतले स्वार तेच. त्यांचे हात शहरास चालतात आणि त्यांचीं पोरें तेवढीं चालत नाहींत, याला व्यवस्था म्हणावयाचें काय? २०२० सालच्या आंकड्यांप्रमाणें आईबाप परगांवीं आणि आपण मागें, अशीं मुलें चीनमध्यें साडेसहा कोटींहून अधिक होतीं.

हें वाचून आपण छाती फुगवावी असें मात्र नाहीं. आपल्याकडे असला कायदा नाहीं, तरी दिवाळीनंतर ऊसतोडणीवाल्यांचीं मुलें आईबापांबरोबर फडावर जातात. आमच्या हजेरीपटावर त्यांचें नांव राहतें, आणि जागा मात्र रिकामी.

तरी निराश होण्याचें कारण नाहीं. २००३ सालीं क्वांगचौ शहरांत सुन चिकांग नांवाचा सत्तावीस वर्षांचा पदवीधर, परवान्याचा कागद जवळ नाहीं म्हणून पकडला गेला आणि कोठडींत मार खाऊन मेला. एका वर्तमानपत्रानें तें छापलें, लोक खवळले, आणि परगांवच्या माणसास पकडून परत धाडण्याचा तो नियम त्याच सालीं रद्द झाला. २०१४ सालीं शेतकरी व शहरवासी हा शिक्काही सरकारनें काढण्याचें ठरविलें. लहान शहरांचे दरवाजे उघडले, पण शांघायसारख्या महानगरांनीं आपले घट्टच ठेवले. म्हणजे माणसानें लिहिलेलें माणसास खोडतां येतें, हें त्यांनींच दाखविलें आहे. आतां एक ओळ राहिली: मूल ज्या शाळेंत शिकलें, त्याच शहरांत त्याला परीक्षेस बसूं द्यावें. ती ओळ लिहिण्यास शाई फारशी लागत नाहीं.

आणि परदेशीं जाणाऱ्या आमच्या तरुणांस एवढेंच सांगणें, कीं रस्ता स्वच्छ दिसला तर आनंद माना. मग तो झाडणारीस थांबवून विचारा, बाई, तुमचें मूल कोठें शिकतें? त्या शहराची खरी हकीकत तिच्या उत्तरांत सांपडेल.