आंघोळीचे पाणी कशावर तापवावे?

थंडी पडली की सापगावात भातसेकडून येणारा वारा अंगाला झोंबतो आणि आमच्या घरात जुना वाद नव्याने पेटतो. पाणी गॅसवर ठेवायचे की बादलीत कॉइल टाकायची? सूनबाई म्हणतात कॉइल स्वस्त, आम्ही म्हणतो गॅस. यंदा वही-पेन्सिल घेऊनच बसलो.

२० लिटरची बादली २० अंशांनी तापवायला सुमारे अर्धा युनिट वीज लागते. चौघांच्या चार बादल्या, म्हणजे महिन्याला जवळपास ६० युनिट. तेच पाणी गॅसवर ठेवले, तर वाया जाणारी आच धरून महिन्याला सात किलोच्या आसपास गॅस जातो, १४.२ किलोचे अर्धे सिलिंडर! म्हणजे पाणी तापवण्यापुरते एक सिलिंडर सुमारे ११० युनिटांच्या बरोबरीचे. सिलिंडरच्या किमतीला ११० ने भागा. ८८० रुपये धरले तर उत्तर ८ रुपये. वीज त्याहून स्वस्त पडली तर कॉइल, महाग पडली तर गॅस.

गंमत पुढेच आहे. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटांचा दर कमी, त्यापुढचा जवळपास दुप्पट. दिवे, पंखा, टीव्ही यांतच ७० युनिट गेले, तर कॉइलचे पहिले ३० युनिट स्वस्तात आणि उरलेले महागात. म्हणजे निम्मा महिना सूनबाई जिंकल्या, निम्मा आम्ही!

थंड देशांत हाच वाद घर उबदार ठेवण्यावरून चालतो. तिथे गॅसच्या जोडीला हीट पंप आहे. तो बाहेरच्या हवेतली ऊब ओढून घरात सोडतो, म्हणून एका युनिटात सुमारे तीन युनिटांची ऊब देतो. आपली कॉइल एकास एकच देते.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "आमचा बंब फुकटात पेटतो." मोळीसाठी अर्धा दिवस रानात जातो, धूर छातीत जातो, त्याची मजुरी कोणी लिहिली? २०१६ साली उज्ज्वला योजना आली, पुष्कळ घरांत शेगडी पोचली. पण सिलिंडर पुन्हा भरायला एकरकमी पैसे लागतात आणि रोजंदारीच्या घरात तेच नसतात. म्हणून मोळी सुटत नाही.

भगिनींनो, कॉइलचे बटण बंद करून, पिन काढूनच पाण्यात हात घाला. बादली लोखंडी नको. बंद न्हाणीघरात गॅसचा गिझर किंवा कोळशाची शेगडी पेटवू नका. त्या विषारी वायूला वास नसतो.

आमच्याकडे आता मीटरजवळ वही टांगली आहे. शंभरी भरली की कॉइल खुंटीवर.